रंगाचा हात कोणाचा? : गृहसुधारणेच्या विनोदाचा एक विचार

१

घराला रंग देणे, भिंतीत खिळा ठोकणे, मोडकी वस्तू दुरुस्त करणे या क्रिया स्वतः क्षुल्लक आहेत. तथापि आधुनिक विनोदी गद्याने त्यांना दिलेले स्थान क्षुल्लक नाही. याचे कारण उघड आहे. घर हे गृहस्थाच्या स्वामित्वाचे शेवटचे ठाणे असते. कचेरीत साहेबापुढे वाकणारा आणि बाजारात दुकानदाराकडून फसवला जाणारा मनुष्य निदान स्वतःच्या चार भिंतींत तरी आपला शब्द चालेल अशी अपेक्षा बाळगतो. नेमक्या त्या भिंतीच त्याचे ऐकत नाहीत. गिलावा ढासळतो, रंग ओघळतो, शिडी घसरते. माणसाची स्वतःविषयीची कल्पना आणि त्याच्या हातून प्रत्यक्ष घडणारी कृती यांत अंतर पडते, आणि त्या अंतरातून हास्य निर्माण होते. विसंगतीच्या तत्त्वाने विनोदाची उपपत्ती लावणाऱ्या अभ्यासकाला याहून सोपे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

परंतु हे उदाहरण वाटते तितके सोपे आहे काय, असा प्रश्न विचारावयास हवा. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रात हास्यास्पदाचे लक्षण सांगताना एक महत्त्वाची अट घातली आहे. हास्यास्पद म्हणजे एक प्रकारचा दोष वा कुरूपता होय. मात्र तीत वेदना वा विनाश नसावा. विनोदाची चर्चा करणारे बहुधा या लक्षणाचा पूर्वार्ध पुढे नेतात आणि उत्तरार्ध गृहीत धरून सोडून देतात. वेदना नसावी हे खरे. पण वेदना आहे की नाही हे कोणाच्या अंगावरून ठरवावयाचे? बर्गसाँने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या हास्यविषयक निबंधात असे प्रतिपादन केले की, हसण्यासाठी अंतःकरणाला क्षणभर बधिरता यावी लागते. ही बधिरता सर्वांच्या बाबतीत सारखी येते, की काहींच्या बाबतीत ती आधीपासूनच आलेली असते, हाही प्रश्न त्याच जातीचा आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार इंग्रजीतील तीन ग्रंथांच्या आधारे केला आहे. जेरोम के. जेरोम यांचे ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९), जॉर्ज व वीडन ग्रॉसस्मिथ या बंधूंचे ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ (१८९२) आणि रॉबर्ट ट्रेसेल यांची ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रॉपिस्ट्स’ (१९१४) ही कादंबरी, हे ते ग्रंथ होत. पहिली दोन पुस्तके विनोदी वाङ्मयाच्या इतिहासात गणली जातात, तिसरे कामगार वाङ्मयाच्या. अभ्यासक्रमात त्यांची गाठ सहसा पडत नाही. वस्तुतः तिन्हींचा काळ एकमेकांना लागून आहे आणि तिन्हींत घराची तीच डागडुजी चालली आहे. फरक आहे तो पाहणारा कोठे उभा आहे याचा. घराच्या आतून जी घटना अपघात म्हणून दिसते, तीच परांचीवरून पाहिली असता एका हिशेबाचा भाग म्हणून दिसते. हा फरक केवळ विषयाचा नसून वाङ्मयीन रचनेचा आहे, आणि म्हणून तो समीक्षेचा विषय आहे.

२

‘थ्री मेन इन अ बोट’च्या तिसऱ्या प्रकरणात येणारे पॉजरकाकांचे प्रकरण सर्वपरिचित आहे. भिंतीवर एक तसबीर लावावयाची आहे. काका ते काम स्वतःकडे घेतात आणि सारे घर कामाला लागते. मोलकरणीला खिळे आणावयास पिटाळले जाते. खिळे कोणत्या मापाचे हवेत हे सांगण्यासाठी तिच्यामागून मुलाला धाडले जाते. काच फुटते, बोट कापते, हातरुमाल ज्या कोटात आहे तो कोट सापडत नाही, आणि अखेर काका त्याच कोटावर बसलेले आढळतात. खिळा हरवतो, मग हातोडी हरवते, मग भिंतीवरची खूण हरवते. मध्यरात्रीच्या सुमारास तसबीर वाकडीतिकडी टांगली जाते, आजूबाजूची भिंत ओरबाडल्यासारखी होते, आणि काकांखेरीज घरातील प्रत्येक जण मेटाकुटीस येतो.

या प्रकरणाची विनोदी रचना गतीवर आधारलेली आहे. एका लहान क्रियेभोवती माणसे वाढत जातात आणि क्रिया मात्र जागच्या जागी राहते. परंतु अभ्यासकाने शेवटच्या दोन तपशिलांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. खुर्चीवरून उतरताना काकांचा जड पाय पडतो तो घरात काम करणाऱ्या बाईच्या पायाच्या भोवरीवर. आणि लगेच काका अभिमानाने म्हणतात की, एवढ्याशा कामासाठी काही लोकांनी बाहेरून माणूस बोलावला असता. एका वाक्यात दुखावलेली कामवाली आहे आणि दुसऱ्यात न बोलावलेला कारागीर. जेरोमचा विनोद या दोहोंमध्ये उभा आहे. वेदना आहे, पण ती जिला होते तिला या कथेत तोंड नाही. कारागीरही आहे, पण तो केवळ तुलनेपुरता. त्याला न बोलावणे यातच काकांचे गृहस्थपण सिद्ध होते.

जेरोमला या गोष्टीची जाणीव नव्हती असे म्हणता येणार नाही. भोवरीचा तपशील त्याने उगीच घातलेला नाही. पॉजरकाकांच्या स्वावलंबनाची किंमत कोण देतो हे तो एका वाक्यात दाखवतो आणि पुढे जातो. मात्र पुढे जाणे हीच या विनोदाची शिस्त आहे. तेथे थांबले तर हास्य मावळेल.

३

‘द डायरी ऑफ अ नोबडी’ प्रथम १८८८–८९ मध्ये ‘पंच’ या साप्ताहिकातून क्रमशः आली व १८९२ साली वाढीव मजकुरासह ग्रंथरूपाने निघाली. तिचा नायक चार्ल्स पूटर हा लंडनमधील एका पेढीतला कारकून. उत्तर लंडनच्या हॉलोवे भागात सहा खोल्यांचे एक भाड्याचे घर त्याने नुकतेच घेतले आहे. मागील अंगणाला लागून आगगाडीचा रस्ता जातो. गाड्यांच्या आवाजाची काही दिवसांनी सवय होईल असे सांगून घरमालकाने भाड्यात दोन पौंडांची सूट दिली आहे. अंगणाच्या टोकाची भिंत तडकली आहे, पण त्याशिवाय काहीच त्रास नाही, असे पूटर समाधानाने नोंदवतो. संध्याकाळी घरी परतल्यावर कोठे चूक मारावी, कोठे पडदा सरळ करावा, कोठे सतरंजीचा कोपरा ठोकून बसवावा, यात त्याला सुख आहे. घर स्वतःचे नाही. म्हणूनच त्याला हात लावीत राहणे हा ते स्वतःचे करण्याचा एकमेव उपाय आहे.

एप्रिलच्या अखेरीस एका परिचिताकडून पूटरला नव्या प्रकारच्या एनॅमल रंगाची माहिती मिळते. तो येताना तांबड्या रंगाचे दोन डबे घेऊन येतो. प्रथम कुंड्या रंगतात. त्यानंतर मोलकरणीच्या खोलीतील हात धुण्याचे मेज, टॉवेलची घोडी व खणांचे कपाट यांची पाळी येते. दुसऱ्या दिवशी कोळशाची बादली व शेक्सपिअरच्या ग्रंथांच्या जीर्ण पाठी, आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीघरातील टब. तांबडा हाच सर्वोत्तम रंग होय, याबद्दल त्याच्या मनात शंका नाही.

या भागात विनोदाचे दोन थर आहेत. वरचा थर माणसाच्या छंदिष्टपणाचा आहे. खालचा थर अधिक सूक्ष्म आहे. सारा या मोलकरणीला रंगवलेले सामान पाहून आनंद होत नाही. पूर्वी होते तसेच ते बरे दिसत होते, एवढेच ती म्हणते. पूटर हे उत्तर खालच्या वर्गाच्या अरसिकतेचा पुरावा म्हणून टिपून ठेवतो. येथे रोजनिशी या वाङ्मयप्रकाराचा उपयोग लेखकद्वयाने मोठ्या कौशल्याने केला आहे. निवेदन पूटरचे आहे. पण वाचकाचा कौल साराच्या बाजूने पडतो. तिच्या वस्तू तिला न विचारता रंगविल्या गेल्या. तिचे वाक्य संबंध प्रकरणातील सर्वांत शहाणे वाक्य आहे, आणि ते ज्याने लिहून ठेवले त्यालाच ते कळलेले नाही.

यापुढील प्रसंग या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. रविवारी पूटर डोके दुखत असताना उठतो. त्याची पत्नी कॅरी म्हणते की हा रंगाऱ्याचा पोटशूळ आहे, कारण गेले काही दिवस त्याचे नाक रंगाच्या डब्यावरच होते. पूटरला ते पटत नाही. सर्दी झाली आहे असे ठरवून तो सोसवेल तितक्या कढत पाण्याने भरलेल्या टबात उतरतो. थोड्या वेळाने हात वर काढतो तो लालभडक. धमनी फुटून आपण रक्तस्रावाने मरणार, मेणाच्या पुतळ्यांच्या प्रदर्शनात पाहिलेल्या मारासारखी आपली अवस्था होणार, असे त्याला वाटते. घंटा वाजवावी तर न्हाणीघरात घंटाच नाही. अखेर कळते की हे रक्त नसून उकळत्या पाण्याने विरघळलेला रंग आहे.

रंगाऱ्याचा पोटशूळ हा शब्दप्रयोग कॅरीने सहज केला. इंग्रजीत तो रूढच होता. पण तो रूढ का झाला? तेलरंगात मिसळला जाणारा सफेता म्हणजे शिशाचा क्षार. वर्षानुवर्षे तो हाताळणाऱ्या, सुका रंग घासून काढताना त्याची धूळ श्वासावाटे घेणाऱ्या कारागिरांच्या अंगात शिसे भिनत असे. पोटात असह्य कळा, हिरड्यांवर निळसर रेघ, मनगट लुळे पडणे ही त्याची लक्षणे वैद्यकाला ठाऊक होती. पुढे १९२१ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने इमारतींच्या अंतर्भागाच्या रंगकामात सफेत्याच्या वापरावर काही अपवाद सोडून बंदी घालणारा करार संमत केला. म्हणजे पूटरच्या घरात जो शब्द थट्टा म्हणून उच्चारला जातो, तो घराबाहेर एका धंद्याच्या रोगाचे नाव आहे. पूटरच्या न्हाणीघरातील रक्त खोटे आणि पोटशूळही खोटा. म्हणूनच वाचक मोकळेपणाने हसतो. ॲरिस्टॉटलची अट येथे अक्षरशः पाळली गेली आहे. परंतु खोट्या रक्ताला हसता यावे यासाठी खरे रक्त दुसरीकडे कोठेतरी ठेवावे लागते.

४

घरमालक आणि रंगारी यांच्यामध्ये आणखी एक दरी असते, ती भाषेची. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या एरिक हॉजिन्स यांच्या ‘मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस’ या अमेरिकन कादंबरीवरून १९४८ मध्ये निघालेल्या चित्रपटात एक प्रसंग आहे. गृहिणी रंगाऱ्याला प्रत्येक खोलीच्या रंगछटेचे वर्णन ऐकवते. छटा नुसती हिरवी नसावी, निळीकडे झुकणारीही नसावी. ती लोण्यासारखी असावी, सफरचंदासारखी असावी. रंगारी सर्व शांतपणे ऐकून घेतो आणि ती गेल्यावर त्याचा जोडीदार त्या सर्व खोल्यांसाठी तांबडा, हिरवा, निळा, पिवळा, पांढरा अशी नुसती नावे सांगतो. प्रेक्षक हसतो, मात्र या वेळी हास्याचा रोख गृहिणीवर आहे की रंगाऱ्यावर हे निश्चित सांगता येत नाही. तिच्यासाठी रंग हा भावनेचा विषय आहे, त्याच्यासाठी डब्याचा. दोघांनाही स्वतःची भाषा पुरेशी वाटते. रंगाऱ्याला येथे प्रथमच वाक्य मिळाले आहे. पण ते वाक्य विनोदाची टोपी आहे, त्याच्या आयुष्यात प्रवेश करण्याचे दार नव्हे. ते दार उघडण्याचे काम यापूर्वीच एका रंगाऱ्याने केले होते.

५

रॉबर्ट ट्रेसेल हे टोपणनाव होय. लेखकाचे व्यवहारातील नाव रॉबर्ट नूनन. त्याचा जन्म १८७० मध्ये डब्लिन येथे झाला. काही काळ दक्षिण आफ्रिकेत काढल्यावर तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी रंगारी व पाट्या रंगविणारा म्हणून काम करू लागला. रंगारी ज्या लाकडी घोड्यांवर फळी टाकून उभा राहतो त्यांच्या इंग्रजी नावावरूनच त्याने हे टोपणनाव घेतले. दिवसा रंगकाम व रात्री लेखन अशा रीतीने त्याने सुमारे अडीच लाख शब्दांचे हस्तलिखित सिद्ध केले. प्रकाशकांनी ते नाकारले. कॅनडाला जाण्याच्या विचाराने निघाला असता १९११ मध्ये लिव्हरपूल येथील रुग्णालयात क्षयाने त्याचा अंत झाला.

त्याच्या मृत्यूनंतर मुलीने जपून ठेवलेले हस्तलिखित प्रकाशकाने पंचवीस पौंडांस विकत घेतले व १९१४ साली जेसी पोप यांच्याकडून बरीच काटछाट करून छापले. १९१८ ची आवृत्ती त्याहूनही लहान होती. मूळ संहिता फ्रेड बॉल यांच्या परिश्रमाने १९५५ मध्ये वाचकांपुढे आली. हा संहितेचा इतिहास केवळ ग्रंथसूचीपुरता महत्त्वाचा नाही. १९१४ च्या आवृत्तीत कथा नायकाच्या निराशेच्या गर्तेत संपवली आहे. मूळ हस्तलिखिताचा शेवट आशेचा आहे. ज्या कादंबरीचा विषयच मुळी काम पुरते न करता पुरते झाल्याचे भासवणे हा आहे, तिच्या नशिबी हेच यावे यात एक कटू योगायोग आहे. चार दशके वाचक जे वाचत होते ते ट्रेसेलचे पुरते काम नव्हते.

कादंबरी मग्जबरो या कल्पित गावात घडते. ते हेस्टिंग्जवरून रेखले आहे. रश्टन नावाच्या कंत्राटदाराची माणसे ‘द केव्ह’ नावाच्या मोठ्या घराची डागडुजी व रंगकाम करीत आहेत. घरमालक स्वेटर हा गावाचा महापौर. म्हणजे पॉजर आणि पूटर यांच्या ग्रंथांत जे घर आहे तेच येथेही आहे. पण गृहस्थ घरात नाही. तो अधूनमधून पाहणीस येतो. कथा भरली आहे ती शिड्यांवर, परांच्यांवर, रिकाम्या खोल्यांत उलट्या बादल्यांवर बसून भाकरीचा तुकडा खाणाऱ्या माणसांनी.

येथे गृहसुधारणेतील चुकांचा उगम प्रथमच आतून दिसतो. रंगाला पोपडे का धरतात? कारण जुना रंग नीट खरवडला नाही. का खरवडला नाही? कारण खरवडण्यास वेळ लागतो, आणि कंत्राट इतक्या कमी आकड्याला घेतले आहे की तो वेळ कोणाला तरी चोरावाच लागतो. तडे का दिसतात? कारण लांबी भरताना भेग मोकळी केली नाही. वरवर थापून दिली. तीन वेळा रंग द्यावयाचे ठरले असता दोनदा, कधी एकदाच दिला जातो, आणि पैसे तिन्हींचे लावले जातात. न्यूमन नावाचा कारागीर काम फार मन लावून करतो या कारणावरून कामावरून निघतो. हंटर हा मुकादम चोरपावलांनी येऊन माणसे रिकामी सापडतात का हे पाहतो, आणि म्हातारा जॅक लिंडन चिलीम ओढताना सापडला म्हणून त्याला तत्क्षणी घालवून देतो. ज्याला घरमालक रंगाऱ्याचा आळस व बेपर्वाई म्हणेल, ती येथे आज्ञा आहे. चांगले काम करणे हाच येथे गुन्हा आहे.

या संदर्भात मराठी बोलीतील एका प्रयोगाचा विचार उद्‌बोधक ठरेल. इंग्रजीत रंगाच्या थराला अंगरख्याचा शब्द लावतात. मराठीत त्याला ‘हात’ म्हणतात. चुन्याचे दोन हात, तेलरंगाचे तीन हात असा हिशेब आपल्याकडे रंगारी आणि घरमालक दोघेही करतात. इंग्रजी शब्दात भिंतीच्या अंगावर काय चढले याची नोंद आहे, मराठी शब्दात कोणी चढवले याची. ट्रेसेलच्या कादंबरीचे सार मराठी वाचकाला त्यामुळे अधिक थेट जाणवते. जो हात दिलाच नाही त्याचे पैसे घेतले जातात, आणि जो हात दिवसभर राबला त्याला मात्र ते मिळत नाहीत.

६

आता पूटरच्या न्हाणीघरातील प्रसंगाशेजारी ट्रेसेलचे दोन प्रसंग ठेवून पाहता येतील.

कादंबरीचा नायक फ्रँक ओवेन हा कुशल रंगारी आहे. त्याला क्षय जडला आहे. खोकल्याच्या उबळीबरोबर त्याच्या तोंडातून रक्त येते. येथे रंग आणि रक्त यांची गल्लत होण्यास वाव नाही, आणि बोलवावयास घंटा नसणे हा विनोदही नाही. कारण डॉक्टर बोलावला तरी त्याचे पैसे कोठून द्यावयाचे हाच प्रश्न आहे. पूटरला क्षणभर वाटलेली भीती ओवेनची रोजची सोबत आहे. दोन्ही ग्रंथांतील प्रतिमा एकच आहे : घर रंगविणारा माणूस आणि त्याच्या अंगावरील लाल डाग. एका ठिकाणी डाग धुऊन निघतो म्हणून सुखान्त घडतो, दुसऱ्या ठिकाणी तो आतून येतो म्हणून धुऊन निघत नाही.

दुसरा प्रसंग शिडीचा. पासष्ट पायऱ्यांची एक प्रचंड शिडी उभी करीत असता कुजका दोर तुटतो आणि जो फिलपॉट हा म्हातारा, सर्वांना आवडणारा कामगार तिच्याखाली सापडून मरतो. शिडी घसरणे ही गृहसुधारणेच्या विनोदातील सर्वांत जुनी युक्ती म्हणावी लागेल. चित्रपटांनी ती असंख्य वेळा वापरली. ट्रेसेल तीच घटना घेतो आणि तिच्या मागील दोराची कथा सांगतो. दोर जीर्ण झाला होता. नवा घेण्यास पैसे पडले असते. नंतर रीतसर चौकशी होते आणि मृत्यू अपघाती ठरतो. कोणाचाही दोष नाही असा निर्वाळा मिळतो. ‘अपघात’ हा शब्द येथे प्रथम संशयास्पद होतो. विनोदी वाङ्मय ज्या शब्दावर उभे आहे तोच शब्द येथे न्यायसभेत उच्चारला जातो आणि दोषी मनुष्य सुटतो. विनोदातील फजिती आणि चौकशीतील अपघात यांचे व्याकरण एकच आहे : घटना घडली, कोणी घडवली नाही.

यावरून ट्रेसेलने हास्याचा त्याग केला असा समज मात्र करून घेऊ नये. फिलपॉटच्या मृत्यूनंतर त्याच्या अंत्यविधीचे काम आपल्याच पेढीला मिळावे म्हणून जी ओढाताण चालते, ती त्याने काळ्या प्रहसनाच्या थाटात रंगविली आहे. रश्टनची पेढी रंगकामाबरोबर शवपेट्याही पुरवते. म्हणजे माणूस कामावर मेला तरी पेढीचा हिशेब चालूच राहतो. भरताने हास्य आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकारचे मानले आहे. स्वतः हसतो तेव्हा आत्मस्थ, दुसऱ्याला हसवितो तेव्हा परस्थ. शब्दांचा अर्थ किंचित ताणून असे म्हणता येईल की, रंगाऱ्याविषयीचे हास्य ट्रेसेलपर्यंत सर्वस्वी दुसऱ्याच्या घरचे होते. त्याने ते रंगाऱ्यांच्या स्वतःच्या मंडळात आणले. दुपारच्या सुटीतील थट्टामस्करी, मुकादमाला दिलेली टोपणनावे, पावाच्या तुकड्यांवरून ओवेनने मांडलेला भांडवलाच्या नफ्याचा खेळ, या साऱ्यांत हास्य आहे. मात्र ते हास्य बधिरतेतून आलेले नाही, ते दुखऱ्या जागेवरूनच आले आहे.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्हींत तथ्य आहे.

पहिला आक्षेप ट्रेसेलच्या कलेविषयी. त्याच्या पात्रांची नावे त्यांच्या अवगुणांवरून ठेवलेली आहेत. मालकवर्ग एकजात लोभी आणि ढोंगी आहे. ओवेनची व्याख्याने लांब आहेत, एकच मुद्दा पुनःपुन्हा येतो. ही कादंबरी ठिकठिकाणी प्रबंध होते हे नाकारण्यात अर्थ नाही. कलेच्या या कसोटीवर ग्रॉसस्मिथ बंधू निःसंशय श्रेष्ठ ठरतात. त्यांनी एकाही पात्राला व्यासपीठावर चढवलेले नाही. तथापि ट्रेसेलच्या पुनरुक्तीचाही एक अर्थ लागतो. रंगकाम हे पुनरुक्तीचेच काम आहे : घासणे, भरणे, पुन्हा घासणे, रंग देणे, पुन्हा देणे. ज्या कादंबरीला या कामाचा काळ पकडावयाचा आहे तिला चटपटीतपणा परवडत नाही. शिवाय जेथे ट्रेसेल व्याख्यान विसरतो आणि कामाकडे पाहतो, तेथे त्याची लेखणी बदलते. स्वेटरच्या दिवाणखान्याची मूरिश पद्धतीची सजावट करण्याचे काम ओवेनला मिळते, ते प्रकरण याचे उत्तम उदाहरण होय. आराखडे करण्यासाठी तो घरी रात्री जागतो. हे घर आपले नाही, हा दिवाणखाना आपल्याला पुन्हा पाहावयासही मिळणार नाही, नफा दुसऱ्याचा होणार, हे सर्व त्याला ठाऊक आहे. तरीही हाताला कौशल्य दाखविण्याची संधी मिळाली याचा आनंद त्याला आवरत नाही. घर सुधारण्याचा जो आनंद पूटरला दोन डब्यांत सापडला, तोच हा आनंद आहे. फरक इतकाच की पूटरला तो हौस म्हणून परवडतो, ओवेनला तो धंद्यात चोरून मिळवावा लागतो.

दुसरा आक्षेप असा की, पॉजर आणि पूटर यांच्या निर्मळ विनोदावर सामाजिक अपराधाचे ओझे लादणे हा समीक्षेचा अतिरेक आहे. या आक्षेपाला उत्तर त्या ग्रंथांतूनच मिळते. ग्रॉसस्मिथ बंधूंनी पूटरला निर्दोष ठेवलेले नाही. दारातील पाय पुसण्याची लोखंडी पट्टी दुरुस्त करण्यासाठी तो फार्मरसन नावाच्या लोखंडी सामानाच्या दुकानदाराला बोलावतो. पुढे लंडनच्या महापौरांच्या नृत्यसमारंभास आपल्याला निमंत्रण मिळाले म्हणून पूटर हर्षभरित होतो, आणि तेथे जाऊन पाहतो तो हाच फार्मरसन पाहुणा म्हणून उपस्थित! इतकेच नव्हे तर शहराचा एक मोठा अधिकारी त्याच्या पाठीवर थाप मारून जुन्या मित्रासारखा बोलतो. ज्याला पूटर दारापर्यंतचा माणूस समजत होता तो त्याच्या आधीच दिवाणखान्यात पोचला आहे. साराचे वाक्य आणि फार्मरसनची उपस्थिती ही या विनोदाची सद्सद्विवेकबुद्धी आहे. श्रेष्ठ विनोद आपली मर्यादा स्वतःच दाखवून देतो. समीक्षकाने ती केवळ वाचावयाची असते. खटकतो तो सामान्य प्रतीचा विनोद, ज्यात रंगारी फक्त उशिरा येतो, रंग सांडतो आणि पैसे मागतो.

८

मराठी विनोदी गद्याच्या अभ्यासकालाही या तुलनेतून काही घेता येण्याजोगे आहे. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हाही पूटरप्रमाणे कारकून आणि स्वतःच्या फजितीचा स्वतःच निवेदक. आपल्या विनोदी परंपरेचे केंद्र दीर्घकाळ हेच मध्यमवर्गीय घर राहिले. त्या घराच्या दारात येणारा गवंडी, सुतार, रंगारी हा बहुधा प्रसंग घडविण्यापुरता येतो आणि प्रसंग संपताच जातो. राबणाऱ्या माणसाने स्वतःच्या आवाजात बोलण्याचे श्रेय मराठीत मोठ्या प्रमाणावर कवितेकडे जाते. नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) हा संग्रह या दृष्टीने एक टप्पा आहे. परंतु विनोदी गद्यात हे स्थलांतर कितपत झाले, दारातल्या माणसाला फजितीच्या कथेत आपली बाजू मांडता आली काय, याची पाहणी होणे अगत्याचे आहे.

सारांश, गृहसुधारणेच्या विनोदात हसू येते ते भिंतीवरील डागाला नव्हे, डागाभोवती आखलेल्या चौकटीला. चौकट घराच्या उंबऱ्याशी संपली की डाग हा अपघात ठरतो, ती शिडीच्या पायथ्यापर्यंत नेली की त्याच डागाला कारण मिळते. ॲरिस्टॉटलची अट खोटी नाही. वेदना नसेल तेथेच हास्य असते, हे खरे. पण वेदना नाही असे म्हणण्यापूर्वी घरात किती माणसे आहेत हे मोजावयास हवे, आणि मोजताना कामवाली, मोलकरीण आणि परांचीवरचा रंगारी यांना वगळता कामा नये. ही मोजणी केल्यानंतरही पॉजरकाका आणि पूटर हसवतातच. मात्र त्यानंतरचे हसू अधिक जाणते असते. कामवालीच्या भोवरीचा त्याला विसर पडत नाही.